मोकळी दिसणारी मार्गिका

वाचकांचे प्रश्न : बसमार्गिका आणि बसला अग्रक्रम

रस्त्यावरील नियमांविषयी या सदरात लिहिल्यापासून सर्वांत जास्त पत्रे बसमार्गिकांबद्दल आली. बहुतेक पत्रे पुणे आणि पिंपरी-चिंचवडची आहेत आणि त्यात नवल नाही, कारण कात्रज–स्वारगेट–हडपसर हा देशातील बीआरटीचा, म्हणजे स्वतंत्र मार्गिकेतून धावणाऱ्या जलद बससेवेचा, पहिला प्रायोगिक मार्ग २००६ च्या अखेरीस पुण्यातच सुरू झाला. एक पत्र लंडनहून आले आहे. त्यांपैकी काही प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : मी रोज सकाळी सांगवीहून रावेतकडे दुचाकीने जातो. जगताप डेअरी चौकाच्या अलीकडे आमच्या बाजूला वाहनांची रांग लागलेली असते आणि शेजारची बीआरटी मार्गिका मोकळी पडलेली असते. त्या मार्गिकेत शिरलो म्हणून मला पाचशे रुपयांचे चलान आले. रस्ता सर्वांच्या कराच्या पैशातून झालेला असताना त्याचा एक भाग रिकामा ठेवून बाकीच्यांना अडकवणे योग्य आहे का? — एक वाचक, सांगवी

उत्तर : आपला त्रागा मला समजतो. रांगेत उभ्या असलेल्या माणसाला शेजारचा मोकळा रस्ता बोचणारच. तरीही मोकळी दिसणारी मार्गिका म्हणजे वाया जाणारी मार्गिका हा समज चुकीचा आहे, आणि तो का, हे एका साध्या हिशेबाने कळते. बारा मीटर लांबीची बस ताशी २५ किलोमीटर वेगाने आपल्यासमोरून जाते तेव्हा तिला पुढे सरकायला पावणेदोन सेकंदही लागत नाहीत. म्हणजे दर मिनिटाला एक बस जात असली, तरी एका जागी उभ्या असलेल्या माणसाला ती मार्गिका साठपैकी अठ्ठावन्न सेकंद रिकामीच दिसणार. त्या तासाभरात साठ बस गेल्या आणि प्रत्येकीत पन्नास माणसे धरली, तर त्या ‘रिकाम्या’ मार्गिकेतून तीन हजार माणसे गेली. शेजारच्या मोटारींच्या मार्गिकेतून, दिवा सतत हिरवा राहिला तर, तासाला साधारण १,८०० मोटारी जाऊ शकतात. चौकात निम्मा वेळ लाल दिवा असतो, म्हणून त्या ९०० धरा. एका मोटारीत सरासरी दीड माणूस मानला, तर साडेतेराशे माणसे झाली. दुचाकी मोटारींपेक्षा कमी जागा घेतात, त्यामुळे त्यांचा आकडा यापेक्षा चांगला येईल, हे मी मान्य करतो. पण सिग्नलपाशी बसच्या पुढे वीस दुचाकी येऊन थांबल्या, तर दिवा हिरवा झाल्यावर आधी त्या निघणार आणि बसच्या वाट्याचे सेकंद कमी होणार. बस एका फेरीत निघू शकली नाही तर तिच्यातील पन्नास माणसे पुढच्या हिरव्या दिव्यापर्यंत थांबणार आणि मागून येणारी बसही तिच्या पाठीशी येऊन उभी राहणार.

हा हिशेब बस वारंवार येत असेल तरच जमतो, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. दहा मिनिटांनी एक बस येत असेल, तर त्याच मार्गिकेतून तासाला तीनशेच माणसे जातील आणि मग आपली तक्रार रास्त ठरेल. मात्र अशा वेळी मार्गिकेत आपल्याला शिरू द्यावे, अशी मागणी करण्यापेक्षा तेथे बस वाढवाव्यात, अशी मागणी करावी. केंद्र सरकारच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणातही रस्त्याची जागा वाहनांच्या संख्येवरून न वाटता माणसांच्या संख्येवरून वाटावी, असेच तत्त्व मांडले आहे.

प्रश्न : ज्या ठिकाणी मला दंड झाला तेथे पाटी झाडाच्या फांदीमागे होती आणि रस्त्यावरचा पट्टा पुसून गेला होता. असा दंड कायद्याने टिकतो का? — एक वाचक, विश्रांतवाडी

उत्तर : प्रश्न मोलाचा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. एखाद्या रस्त्यावर किंवा त्याच्या भागावर ठरावीक प्रकारच्या वाहनांना बंदी घालण्याचा अधिकार मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११५ ने राज्य सरकारला आणि सरकारने अधिकार दिलेल्या यंत्रणेला दिला आहे. आपल्या शहरांत वाहतूक शाखेचे पोलीस उपायुक्त जे आदेश वर्तमानपत्रांतून जाहीर करतात, त्यांत ११५, ११६ आणि ११७ या कलमांचा उल्लेख असतो तो याचमुळे. कलम ११५ दोन अटी घालते. बंदी राजपत्रातील अधिसूचनेने जाहीर झाली पाहिजे आणि कलम ११६ खालील वाहतूक चिन्हे योग्य जागी लावली गेली पाहिजेत. बंदी एक महिन्यापेक्षा जास्त चालणार नसेल, तर राजपत्राची अट सुटते, पण स्थानिक पातळीवर प्रसिद्धी द्यावीच लागते. चिन्ह पाळण्याची सक्ती कलम ११९ मध्ये आहे, आणि ते मोडल्यास सर्वसाधारणपणे कलम १७७ चा दंड लागतो. २०१९ च्या दुरुस्तीपासून तो पहिल्या वेळी ५०० आणि त्यानंतर १,५०० रुपयांपर्यंत आहे. त्याआधी तो १०० आणि ३०० होता.

चिन्ह पाळले नाही, असा आरोप असेल तर ते दिसत होते का, हा प्रश्न उपस्थित करण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. त्याच दिवशी, शक्यतो त्याच वेळेस, वाहन चालवणाऱ्याच्या नजरेच्या उंचीवरून त्या जागेची छायाचित्रे काढावीत. मार्गिकेचे तोंड, पाटी आणि जमिनीवरचा पट्टा ही तिन्ही त्यांत यावीत. महाट्रॅफिक अॅपवर ई-चलानाविरुद्ध तक्रार नोंदवण्याची सोय आहे. तेथे दाद लागली नाही तर न्यायालयात म्हणणे मांडता येते. जागेवर किंवा ऑनलाइन दंड भरणे म्हणजे कायद्याच्या भाषेत तडजोड करणे होय आणि तडजोड झाली की प्रकरण मिटते. म्हणून आधी भरून मग भांडण्यात अर्थ नाही. कॅमेऱ्याच्या आधारे कारवाई झाली असेल, तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १६७ अ प्रमाणे सूचना पंधरा दिवसांच्या आत पाठवावी लागते, ती तारीखही तपासावी.

एक गोष्ट मात्र मोकळेपणाने सांगतो. मार्गिकेला दोन्ही बाजूंनी कठडा असेल, पुढे मधोमध उंच फलाटाचा बसथांबा दिसत असेल आणि आपण रोज त्याच रस्त्याने जात असाल, तर पाटी दिसली नाही, हे म्हणणे कोणाला पटणे कठीण आहे.

प्रश्न : या मार्गिकेतून नेमकी कोणती वाहने जाऊ शकतात? रुग्णवाहिकेला चालते का? शाळेच्या बसचे आणि एसटीचे काय? — एक वाचक, निगडी

उत्तर : कोणाला मुभा आहे, हे त्या त्या मार्गाच्या आदेशात लिहिलेले असते, त्यामुळे एका शहराचा नियम दुसरीकडे लावू नये. दिल्लीत १ एप्रिल २०२२ पासून रस्त्याच्या डाव्या बाजूच्या मार्गिकेची जी मोहीम सुरू झाली, तिच्यात बसबरोबर मालवाहू वाहनांनाही तीच मार्गिका दिली होती आणि ती सोडून चालणाऱ्या बसचालकाला दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद सांगितली होती. म्हणजे मार्गिका हा बसचा जसा हक्क आहे, तसे तिच्यातूनच चालणे हे बसचालकाचे कर्तव्यही आहे. रुग्णवाहिका आणि अग्निशमन वाहने यांना वाट देणे सर्वांवरच बंधनकारक आहे, त्यात बसही आली. त्यांची वाट अडवल्यास कलम १९४ ई खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. रुग्णवाहिका पुढे गेली की तिच्या मागोमाग मोटारी आणि दुचाकी मार्गिकेत घुसवणारे लोक मी अनेकदा पाहिले आहेत. ती मुभा रुग्णवाहिकेला असते, तिच्या पाठोपाठ येणाऱ्यांना नसते. शाळेची किंवा कंपनीची बस आकाराने बस असली, तरी आदेशात तिचे नाव नसेल तर तिने आत जाऊ नये.

प्रश्न : बीआरटी मार्गिकेतून दुचाकीने जाताना माझ्या पुतण्याला बसची धडक बसली. तो मार्गिकेत होता म्हणजे चूक त्याचीच, त्यामुळे नुकसानभरपाई मिळणार नाही, असे सगळे सांगतात. हे खरे आहे का? — एक वाचक, चिंचवड

उत्तर : पुतण्या लवकर बरा व्हावा. लोक सांगतात तितके हे प्रकरण सरळ नाही. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणासमोर कलम १६६ खाली अर्ज करता येतो आणि तेथे दोन्ही बाजूंचा निष्काळजीपणा किती, हे पुराव्यावरून ठरते. मनाई असलेल्या मार्गिकेत असणे हा नियमभंग आहे, पण नियमभंग झाला म्हणजे अपघातही त्याच्यामुळेच झाला, असे आपोआप होत नाही. दुचाकीवर तिघे बसले होते, एवढ्यावरून त्यांचा अंशतः दोष धरता येत नाही, त्या कृतीमुळे अपघात घडला किंवा इजा वाढली, हे दाखवावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या एका निकालात म्हटले आहे. हेच सूत्र येथेही मांडता येईल. बसचा वेग काय होता, चालकाला दुचाकी किती अंतरावरून दिसत होती, धडक मागून बसली की दुचाकी अचानक आडवी आली, या गोष्टींवर बरेच अवलंबून राहील. न्यायाधिकरण भरपाईतून काही हिस्सा वजा करू शकते, हेही लक्षात ठेवावे. पंचनाम्याची प्रत, घटनास्थळाचा नकाशा आणि थांब्यावर किंवा बसमध्ये कॅमेरा असल्यास त्याचे चित्रण जपून ठेवण्याची लेखी मागणी आजच करा, कारण असे चित्रण काही दिवसांनी पुसले जाते.

प्रश्न : दिल्लीने, भोपाळने आणि इंदूरने बीआरटी काढून टाकली. नगर रस्त्यावरही काढली. मग उरलेल्या मार्गिका ठेवण्याचा हट्ट कशासाठी? मोटारवाल्यांनी कर भरायचा आणि जागा बसला द्यायची, हा अन्याय नाही का? — एक वाचक, विमाननगर

उत्तर : यातील अन्यायाचा मुद्दा न्यायालयात तपासला गेला आहे. दिल्लीत आंबेडकर नगर ते मूलचंद हा ५.८ किलोमीटरचा मार्ग २००८ मध्ये सुरू झाला आणि नंतर मोटारींना अडवून बसला वाट देणे चुकीचे आहे, असे म्हणणारी जनहित याचिका दाखल झाली. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१२ मध्ये ती फेटाळली. सार्वजनिक वाहतुकीला अग्रक्रम देणे हे सरकारच्या धोरणाच्या कक्षेत येते आणि त्याला पुरेसा आधार आहे, असा त्या निकालाचा आशय होता. पुढे २०१६ मध्ये तो मार्ग उखडला गेला, पण तो सरकारचा निर्णय होता. भोपाळचा मार्ग २०२४ मध्ये काढायला सुरुवात झाली आणि इंदूरचा मार्ग काढण्याला मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये मोकळीक दिली. पुण्यात नगर रस्त्यावर २०१६ मध्ये सुरू झालेल्या मार्गाचा काही भाग २०२३ मध्ये काढला गेला.

ही यादी खरी आहे. पण अहमदाबादची जनमार्ग सेवा २००९ पासून चालू आहे आणि ब्राझीलमधील ज्या कुरितीबा शहराकडून जगाने हे शिकले, तेथे १९७४ पासून बसला स्वतंत्र वाट आहे. मग फरक कोठे पडतो? माझ्या मते तो बहुतेक वेळा अर्धवटपणामुळे पडतो. मार्गिका चौकाच्या शंभर मीटर आधी संपते, पुढे मेट्रोच्या किंवा उड्डाणपुलाच्या कामासाठी ती तोडली जाते, मग पुन्हा दोन किलोमीटरवर सुरू होते. मधल्या तुकड्यात बस इतर वाहनांत अडकते आणि स्वतंत्र मार्गिकेत कमावलेली मिनिटे तेथेच गमावते. बसप्रवाशाला वेग मिळत नाही आणि मोटारवाल्याला जागा मिळत नाही, म्हणून दोघेही नाराज होतात. अशा तुटक मार्गाचे समर्थन मी करणार नाही. जो मार्ग सलग आहे आणि ज्याच्यावर बसची वर्दळ आहे, तो मात्र शेजारच्या तुटक तुकड्याच्या अपयशासाठी बळी देऊ नये, असे मला मनापासून वाटते. कराविषयी इतकेच, की बसच्या तिकिटावर घर चालवणारी मोलकरीण आणि रखवालदारही साबणापासून चपलेपर्यंत प्रत्येक वस्तूवर कर भरतात.

प्रश्न : माझे वय ७२ आहे. रस्त्याच्या मधोमध असलेल्या बसथांब्यापर्यंत पोहोचणे हीच मला परीक्षा वाटते. पोहोचले तरी कधी कधी बस फलाटापासून इतकी दूर थांबते, की पाय टाकायला भीती वाटते. याबाबत काही नियम आहेत का? — एक वाचिका, काळेवाडी

उत्तर : आजी, झेब्रा क्रॉसिंगवर पायी चालणाऱ्याचा हक्क पहिला आहे आणि वाहनाने तेथे वेग कमी करून गरज पडल्यास थांबलेच पाहिजे, असे २०१७ च्या मोटार वाहन चालन विनियमांत आहे. म्हणून थांब्याकडे जाताना चौकातील क्रॉसिंग आणि पादचाऱ्यांचा हिरवा दिवा यांचाच वापर करावा, मधल्या कठड्यातील फटीतून जाऊ नये. बसमार्गिकेपाशी आणखी एक धोका असतो. डावीकडच्या मोटारी रांगेत थांबलेल्या असतात, आपण त्यांच्यामधून वाट काढून पुढे पाऊल टाकतो आणि नेमकी तीच जागा बससाठी मोकळी असते. थांबलेल्या मोटारींमुळे बस आपल्याला दिसत नाही आणि आपण बसचालकाला दिसत नाही. मार्गिकेच्या कडेशी आल्यावर पुन्हा थांबून दोन्हीकडे पाहावे, कारण तेथे दोन्ही दिशांच्या बस लागून धावतात.

फलाट आणि बस यांच्यातील अंतराविषयी आपली तक्रार अगदी योग्य आहे. हा फलाट मुद्दाम बसच्या फरशीच्या उंचीचा बांधतात, म्हणजे पायरी न चढता सरळ आत जाता यावे. चालकाने बस टेकवताना ती कडेशी, वीतभर अंतरावर आणणे अपेक्षित असते. मी एकदा थांब्यावर तासभर उभे राहून हे पाहिले. मार्गिका मोकळी असली की चालक बस अलगद फलाटाला लावत होता. एखादी दुचाकी बस आणि फलाट यांच्यामध्ये शिरली की तो घाबरून बस बाहेर ठेवत होता आणि मग हातात पिशवी असलेल्या बाईला खालचा डांबरी रस्ता दिसेल एवढी फट ओलांडावी लागत होती. दुचाकीवाल्याचे वाचलेले मिनिट असे कोणाच्या तरी पायावर येते. ज्या थांब्यावर हे वारंवार घडते त्याचे नाव, बसचा क्रमांक, मार्ग आणि वेळ लिहून परिवहन महामंडळाकडे तक्रार द्या. तपशिलाशिवाय दिलेल्या तक्रारीवर कोणालाच काही करता येत नाही.

प्रश्न : लंडनला मुलाकडे आलो असताना आम्ही गाडी भाड्याने घेतली. बसमार्गिकेत जेमतेम काही क्षण गाडी गेली आणि नंतर १६० पौंडांची नोटीस आली. इतकी कठोर शिक्षा योग्य आहे का? — एक वाचक, मूळ सातारा

उत्तर : चौदा दिवसांच्या आत भरल्यास ही रक्कम निम्मी होते, तेवढे लगेच पाहा. तेथे मार्गिकेच्या तोंडाशी निळ्या पाटीवर वेळा लिहिलेल्या असतात. वेळा लिहिलेल्या नसतील तर ती चोवीस तास बसची असते, हे आपल्याकडच्या माणसाला पटकन लक्षात येत नाही. डावीकडे वळायचे असले तरी मार्गिकेची तुटक रेषा सुरू होईपर्यंत थांबावे लागते. काळ्या टॅक्सीला आणि सायकलला बहुतेक मार्गिकांत मुभा असते, पण आपल्या भाड्याच्या गाडीला नसते. दंड जबर आहे, यात शंका नाही. मात्र त्या व्यवस्थेत मला आवडणारी गोष्ट अशी, की नोटिशीसोबत छायाचित्रांचा पुरावा मिळतो, आधी परिवहन यंत्रणेकडे आणि तेथे न जमल्यास तिच्याशी संबंध नसलेल्या स्वतंत्र निवाडा मंडळाकडे विनाशुल्क दाद मागता येते आणि पाटी नियमाबरहुकूम नसल्यास दंड रद्दही होऊ शकतो. दंड आणि दाद या दोन्ही गोष्टी तेथे सारख्याच गांभीर्याने घेतल्या जातात. आपल्या विश्रांतवाडीच्या वाचकाचा प्रश्न तेथे विचारला गेला असता, तर त्याची उकल कदाचित घरबसल्या झाली असती.

प्रश्न : पेठांमधल्या रस्त्यांवर स्वतंत्र मार्गिका शक्यच नाही. मग तेथे बसला अग्रक्रम कसा देणार? — एक वाचिका, सदाशिव पेठ

उत्तर : मार्गिका हा अग्रक्रमाचा एक प्रकार झाला, एकमेव नव्हे. शिवाजी रस्ता आणि बाजीराव रस्ता यांसारख्या एकेरी जोडीवर दिवसभरासाठी एक पट्टा बाजूला काढणे अवघड आहे. पण चौकाच्या आधीचे शंभर-दीडशे मीटर तरी बससाठी मोकळे ठेवले, तर ती रांगेच्या शेवटी न थांबता सिग्नलपर्यंत पुढे येऊ शकते. दुसरा उपाय सिग्नलमध्येच आहे. बस जवळ येत असल्याचे यंत्राला कळले, की हिरवा दिवा काही सेकंद लांबवता येतो किंवा लाल दिवा थोडा आधी संपवता येतो. चाळीस प्रवाशांची बस तीस सेकंद आधी सुटली, तर मिळून वीस मिनिटे वाचतात. शेजारच्या मोटारीला त्याच सेकंदांसाठी थांबावे लागले, तर एक-दोन माणसांचा अर्धा मिनिट जातो. तिसरी गोष्ट म्हणजे थांबा चौकाच्या अलीकडून पलीकडे नेणे. थांबा अलीकडे असला, की प्रवासी चढेपर्यंत हिरवा दिवा निघून जातो.

या सर्वांसाठी नवे बांधकाम लागत नाही. सर्वांत स्वस्त उपाय तर आजच्याच कायद्यात आहे. बसथांब्याजवळ वाहन उभे करायला मनाई आहे, तरीही थांब्याच्या पुढ्यात रिक्षा, टेम्पो आणि दुचाकी लागलेल्या दिसतात. मग बस रस्त्याच्या मधोमध थांबते, प्रवासी वाहनांमधून तिच्याकडे धावतात आणि मागची सारी वाहतूक खोळंबते. आपल्या भागातील अशा एखाद्या थांब्याचे सकाळी नऊ ते दहा या वेळेतील छायाचित्र, थांब्याचे नाव आणि तारीख घालून वाहतूक शाखेला लिहा आणि त्याची एक प्रत महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयातही द्या, कारण थांब्यापुढचे पिवळे पट्टे रंगवण्याचे काम त्यांच्याकडे येते.